जोर लावा, गुरुजी

बँकेत छत्तीस वर्षं मी लोकांच्या सह्या तपासल्या. तुम्ही कादंबऱ्या लिहिता हे ठाऊक आहे, पण नोकरीत नेमकं काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी सांगतो, दुसऱ्यांचं अक्षर वाचत होतो. संगणक यायच्या आधीची ती बँक. टेबलाशेजारी लाकडी ट्रे, त्यात नमुना सह्यांची पिवळी पडलेली कार्डं, आणि समोर आलेल्या स्लिपेवरची सही त्या कार्डाशी ताडून पाहायची. हजारो वेळा हे केल्यावर डोळ्याला एक सवय लागते. नाव वाचायचं नसतं, चाल बघायची असते. गाठ कुठे मारली आहे, शेवटचा फराटा वर जातो की खाली, मधेच पेन उचललं आहे का. खोटी सही पुष्कळदा फार सावकाश काढलेली असते आणि तिच्यात थरथर असते. म्हणून थरथर दिसली की आम्ही सावध व्हायचो. आमच्या लेखी थरथर म्हणजे संशय.

1994 सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखेत अधिकारी होतो. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक पेन्शनचे पैसे काढायला आले. सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणायचं. धोतर, काळी टोपी, खिशाला शाईचं पेन. स्लिपेवरची सही कार्डाशी जुळेना. कार्डावरची सही म्हणजे बोरूनं घोटलेलं वळणदार अक्षर; स्लिपेवरची म्हणजे मुंगीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावर सोडावं तशी. मी दुसरी स्लिप दिली. तिसरी दिली. मागे रांग वाढत होती, कॅशियर काउंटरवरून माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "गुरुजी, जरा मन लावून करा की. जोर लावा."

"लावतोय साहेब," ते म्हणाले.

चौथी सहीही जुळली नाही तेव्हा मी त्यांना सांगितलं, घरी सराव करा आणि उद्या या. वाक्य उच्चारताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्या माणसानं निम्म्या गावाला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं त्याला मी सराव करायला पाठवत होतो. रांगेतले दोघे-तिघे हसले. तेही बहुधा त्यांचेच विद्यार्थी असावेत.

अंगठ्यावर पैसे द्यायची रीत तेव्हाही होती. निरक्षर खातेदारांसाठी आम्ही ती रोज वापरत होतो. आज तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आजारी, वृद्ध आणि असमर्थ खातेदारांसाठी स्पष्टच लिहिलेलं आहे की दोन साक्षीदारांसमोर हाताच्या, नाही तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, आणि त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार माणूस असावा. पण गुरुजी निरक्षर नव्हते. त्यांना लिहिता येत होतं, म्हणजे त्यांनी लिहिलंच पाहिजे, असा माझा न्याय. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच स्टॅम्प पॅड मागितलं. डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि मग रुमालानं ती शाई ते कितीतरी वेळ पुसत राहिले. उजवा हात टेबलावर पालथा ठेवला होता. त्या हातावर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, जिथे एरवी मांसाचा उंचवटा असतो तिथे, एक खळगा होता. मी तो पाहिला. पाहिला आणि पुढचं टोकन पुकारलं.

तो खळगा मला पुन्हा दिसला तो 2022 साली, माझ्याच उजव्या हातावर.

सुरुवात पेनापासून झाली. दोन पानं लिहिली की पेन बोटांतून निसटायचं. मग शर्टाचं वरचं बटण, मग औषधाच्या बाटलीचं झाकण. एटीएममधून काढलेल्या नोटा मोजताना, आणि नोटा मोजणं हे माझं अर्धं आयुष्य, अंगठा मागे राहू लागला. बायको म्हणाली, "अहो, पेन असं काय मुठीत धरता?" मुलीनं एक रबरी चेंडू आणून दिला. "बाबा, रोज शंभर वेळा दाबा. तुम्ही मनावरच घेत नाही." चेंडू मी मनापासून दाबत होतो. अडीच महिने दाबला. खळगा वाढला.

शेवटी मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी पहिल्यांदा काय केलं, तर टेबलावरचा एक कागद उचलला आणि म्हणाल्या, "अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत घट्ट धरा. मी ओढते, सोडायचा नाही." डाव्या हातानं धरला. उजव्या हातानं धरताना माझ्या अंगठ्याचं टोक आपोआप वाकलं आणि तरीही कागद सुटला. ज्या स्नायूनं अंगठा तळहाताकडे सरळ ओढायचा तो कमजोर झाला, की शरीर दुसऱ्याच स्नायूकडून ते काम उसनं करून घेतं आणि अंगठ्याचं पेर वाकतं. फ्रान्समध्ये फ्रोमाँ नावाच्या डॉक्टरनं 1915 साली, महायुद्धाच्या धामधुमीत, हे चिन्ह नोंदवलं. तो रोग्याच्या हातात वर्तमानपत्र द्यायचा. आयुष्यभर कागद धरून बसलेल्या माणसाला कागदानंच पकडावं याची मला मौज वाटली. त्या दिवसातली तेवढीच मौज.

मग तपासण्या. त्या आपल्याकडे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतात, पण त्यांत काय मोजतात हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा तपशिलानं लिहितो.

आपण बोट हलवायचं मनात आणतो तेव्हा हुकूम मेंदूतून निघतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरतो, तिथे त्याची दुसऱ्या पेशीशी बदली होते, आणि त्या पेशीचा लांबच लांब तंतू दंडातून, कोपरातून थेट स्नायूपर्यंत पोचतो. सगळा व्यवहार विजेच्या बारीक स्पंदनांचा. पहिली तपासणी या रस्त्याच्या शेवटच्या टप्प्याचा वेग मोजते. हातावर चिकटपट्ट्या लावतात, मनगटाशी नसेला विजेचा झटका देतात, करंगळीच्या मुळाशी स्नायू टुणकन उडतो. मग तोच झटका कोपराखाली, मग कोपरावर. दोन जागांमधलं अंतर टेपनं मोजायचं, लागलेला वेळ यंत्र सांगतं, भागाकार केला की वेग. तंत्रज्ञ मुलानं आधी माझा हात गरम पाण्याच्या पिशवीनं शेकला, कारण गारठलेल्या हातात नस संथ चालते आणि निरोगी माणूसही रोगी ठरतो. मला ते फार आवडलं. ज्याची सही जुळत नव्हती त्याचा हात आधी शेकावा असं आम्हाला कधी सुचलं नव्हतं.

नसेचा वेग मोजता येतो हेच मुळी लोकांना खरं वाटत नव्हतं. योहानेस म्युलर हा त्या काळचा मोठा जर्मन शरीरशास्त्रज्ञ. तो म्हणायचा की हा वेग आपल्याला कधीच मोजता येणार नाही. 1850 साली त्याच्याच शिष्यानं, हेल्महोल्ट्झनं, बेडकाच्या पायावर तो मोजून दाखवला. सेकंदाला सुमारे 27 मीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला जी मर्यादा आहे, जवळपास तोच वेग. माणसाच्या हातात तो सेकंदाला 50 ते 60 मीटर असतो. माझ्या उजव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत 56 आला आणि कोपराच्या वळणावर 31. घाटात ट्रक अडकावा तशी नस कोपरात अडकली होती. कोपर आपटलं की जिच्यामुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ती ही अल्नर नस. वर्षानुवर्षं टेबलावर कोपर टेकवून बसणाऱ्यांची ती दबू शकते. म्हणजे सह्या तपासता तपासताच मी हे कमावलं असण्याचा पुष्कळ संभव आहे.

दुसरी तपासणी सुईची. तिला लोक घाबरतात, पण या सुईतून वीज सोडत नाहीत, ती फक्त ऐकते. 1929 साली केंब्रिजमध्ये एड्रियन आणि त्याचा अमेरिकन सहकारी ब्राँक यांनी इंजेक्शनच्या पोकळ सुईत एक बारीक, बाहेरून आवरण दिलेली तार ओवली आणि ती जिवंत माणसाच्या स्नायूत खुपसून तिचं दुसरं टोक यंत्राला आणि ध्वनिक्षेपकाला जोडलं. स्नायू बोलताना माणसानं ऐकला. (एड्रियनला 1932 चं नोबेल शेरिंग्टनबरोबर विभागून मिळालं. मज्जारज्जूतली एक पेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे स्नायुतंतू मिळून एक तुकडी होते, तिला 'मोटर युनिट' हे नाव शेरिंग्टन आणि लिडेल यांनी 1925 साली दिलं होतं.) पोटरीसारख्या दांडग्या स्नायूत एका तुकडीत हजाराच्या वर तंतू असतात, डोळा फिरवणाऱ्या स्नायूत अगदी मोजके. कातडीवर चिकटपट्टी लावून ऐकलं तर गणपतीच्या मिरवणुकीत गच्चीवरून ढोलपथक ऐकावं तसं होतं. गजर ऐकू येतो, कोणता ढोल कोणाचा ते कळत नाही. सुई म्हणजे एका ढोलाच्या शेजारी जाऊन उभं राहणं. हल्ली कातडीवर चौसष्ट-चौसष्ट बिंदूंची जाळी लावून गणितानं एकेक ढोल वेगळा काढतात म्हणे. प्रयोगशाळांत ते चालतं, आमच्या दवाखान्यात अजून सुईच आहे.

डॉक्टरांनी सुई माझ्या खळग्यात घातली आणि म्हणाल्या, "हात अगदी सैल." निरोगी स्नायू सैल असताना गप्प असतो. माझा गप्प नव्हता. खोलीतल्या स्पीकरमधून पत्र्यावर पावसाचे तुरळक थेंब पडावेत तसा आवाज आला. ज्या तंतूंची नस तुटली ते कुणाच्याही हुकुमाशिवाय आपापले पुटपुटत असतात. मी कोकणाच्या वेशीवर वाढलेला माणूस. पत्र्यावरचा पाऊस मला कधी इतका नकोसा झाला नव्हता.

"आता हळूच बोट बाजूला दाबा." टक्... टक्... टक्. एक तुकडी. "अजून थोडं." तिच्या टकटकीत दुसरी मिसळली. हुकमाची ताकद वाढते ती अशी दोन्ही अंगांनी, तुकड्याही वाढतात आणि एकेक तुकडी अधिक वेगानंही वाजते. त्यातही क्रम ठरलेला आहे. अमेरिकेत हेनेमन यांनी 1957 साली आणि पुढे 1965 मध्ये दाखवलं की आधी लहान पेशी कामाला लागतात, मोठ्या शेवटी. मला हे लगेच समजलं, कारण चांगला कॅशियर असंच करतो. मेंदू फक्त रक्कम सांगतो. कोणत्या नोटा द्यायच्या ते मज्जारज्जू ठरवतो, आणि तो आधी चिल्लर काढतो, मग दहा-वीसच्या, पाचशेच्या अगदी शेवटी. म्हणून आपल्याला पापड न मोडता उचलता येतो. नस बिघडली की उरलेल्या तुकड्या अनाथ तंतूंना आपल्यात सामावून घेतात आणि मोठ्या होतात. ताकद थोडी सावरते, पण सुट्टे पैसे संपलेले असतात. हात झटक्या-झटक्यानं चालतो. सही थरथरते.

मग त्या म्हणाल्या, "आता पूर्ण जोर लावा." मी दात-ओठ खाऊन लावला. पडदा दाट भरून जायला हवा होता, तो विरळच राहिला. मला शरमल्यासारखं झालं. म्हणालो, "डॉक्टर, मला नीट जमत नाहीये बहुतेक." त्यांनी पडद्याकडेच बघत सांगितलं, "तुम्ही पूर्ण जोर लावताय. तुकड्या थोड्याच उरल्यात, पण उरलेल्या किती धावताहेत बघा. मन कमी पडलं असतं तर त्या संथ वाजल्या असत्या."

वाचकहो, हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. कारण मला ते अठ्ठावीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. थोड्या तुकड्या आणि त्या वेगानं वाजणाऱ्या, म्हणजे हुकूम येतो आहे, वाट मोडली आहे. थोड्या आणि संथ वाजणाऱ्या, म्हणजे हुकूमच कमी येतो आहे. "लावतोय साहेब" हे खरं की खोटं, हे सुईनं दोन मिनिटांत सांगितलं असतं.

पुढे वाचत गेलो तसा एक योगायोग हाती लागला. लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात मर्टन नावाचे डॉक्टर होते. त्यांना प्रश्न पडला होता की माणूस सर्वस्व पणाला लावून जोर करतो तेव्हा स्नायूतली सगळी ताकद खरोखर वापरली जाते का, की मन काही राखून ठेवतं? 1954 साली त्यांनी याचं उत्तर मोजलं, आणि त्यासाठी निवडला अंगठा तळहाताकडे ओढणारा तोच स्नायू आणि मनगटातली तीच अल्नर नस. माणसाला अंगठा दाबायला सांगायचं आणि तो दाबत असतानाच नसेला झटका द्यायचा. अर्ध्या जोरावर झटका दिला तर अंगठा आणखी थोडा उडतो, म्हणजे काही ताकद शिल्लक होती. जोर जसजसा वाढतो तसतसं हे उडणं लहान होतं, आणि पूर्ण जोराला ते दिसेनासं होतं. शिल्लक शून्य. खातं रिकामं. निरोगी, राजी माणसाचं मन स्नायूच्या शेवटच्या तंतूपर्यंत पोचतं, असा त्यांचा निष्कर्ष. हात थकल्यावरही त्यांना तेच आढळलं. दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवलं तर थकलेली ताकद रक्त परत सोडेपर्यंत भरून येत नव्हती, मग तुम्ही कितीही मनावर घ्या.

नंतरच्या लोकांनी जास्त बारीक मोजलं तेव्हा शून्य नेहमीच नेमकं शून्य नसतं असं दिसलं. विशेषतः जोर बराच वेळ टिकवायचा असेल तर मेंदूचा हुकूमही हळूहळू ढिला पडतो, आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. त्याला वाटतं आपण पहिल्याइतकाच जोर लावतोय. 1990 च्या दशकात सिडनीच्या गांडेविया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मेंदूलाच चेतना देऊन दाखवलं. डोक्यावरून मेंदूला चेतना देण्याची युक्तीही पुन्हा मर्टन यांचीच. त्यांनी आणि मॉर्टन यांनी 1980 मध्ये कवटीवरून विजेचा जोरदार झटका देऊन समोरच्या माणसाचा हात हलवला. ते फार दुखायचं. 1985 साली शेफील्डच्या बार्कर आणि सहकाऱ्यांनी विजेऐवजी चुंबक वापरलं. डोक्यावर तारेचं कडं धरायचं, टक् असा आवाज होतो आणि सुमारे 20 सहस्रांश सेकंदात अंगठा उडतो. तेच मानेजवळ केलं की जो वेळ लागतो तो यातून वजा करायचा. उरलेले सहा-सात सहस्रांश मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या प्रवासाचे. वजाबाकीचा हिशेब आहे साधा. पण त्या हिशेबानं कळतं की हुकूम कोणत्या टेबलावर अडकला.

आता मी मुद्द्यावर येतो. आपल्या घराघरांत 'मनावर घे' हे एक औषध आहे आणि ते फुकट असल्यामुळे आपण ते फार वाटतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, गुडघा 2016 मध्ये बदलला. फिजिओथेरपीची मुलगी रोज येऊन म्हणायची, मांडी आवळा, पाय सरळ उचला. अक्काला ते होईना. भाचे म्हणाले, आई टाळते. मीही म्हणालो, "अक्का, मनावर घे जरा." ती म्हणाली, "मन लावतेच आहे रे, मांडीच ऐकत नाही." ती शब्दशः खरं सांगत होती. सांध्यात पाणी भरलं, सूज आली, की तिथून निघणारे संदेश मज्जारज्जूत जाऊन मांडीच्या स्नायूच्या पेशींना आवरून धरतात. धडधाकट माणसांच्या गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी भरलं तरी, काहीही दुखत नसताना, मांडीचा जोर घटतो, हे 1960 च्या दशकापासून माहीत आहे. चोर कण्यात आहे आणि आपण आळ मनावर घेतो. त्या मुलीनं पुढे मांडीला विजेच्या पट्ट्या लावल्या तेव्हा कुठे स्नायू जागा झाला. अक्कानं नंतर कुणाला काही सुनावलं नाही. तिचा स्वभावच तसा.

'जोर लावा' हे शब्द सर्वस्वी चुकीचे आहेत असंही मी म्हणणार नाही. शेजारी उभं राहून कुणी ओरडलं तर माणूस खरंच थोडा जास्त जोर काढतो, हेही मोजलेलं आहे. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः दंड फुगल्यामुळे वाढत नाही, हुकूम अधिक चांगला पोचू लागतो म्हणून वाढते. तेव्हा माझ्या मुलीचा चेंडू वाया गेलेला नाही, फक्त तो चुकीच्या माणसाला दिला गेला. माझं म्हणणं एवढंच की आधी मोजा, मग बोला. आपण उलटं करतो. आधी बोलतो, सहा महिने बोलतो, आणि माणूस जिन्यात पडला की मग मोजायला नेतो. सुनेच्या हातून भांडं पडलं तर वेंधळेपणा, सासऱ्याच्या हातून पडलं तर वय, मुलाच्या हातून पडलं तर मोबाइल. हाताकडे कुणी बघत नाही.

आणि मोजण्यालाही हद्द आहे, तीही सांगायला हवी. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे या आजाराची लाट आली, शंभराहून जास्त माणसं आजारी पडली. धट्टीकट्टी माणसं दोन-चार दिवसांत पायातून गेली. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच नसांवर उलटते. नसांच्या तपासणीनं तो ओळखायला मदत होते, पण पहिल्या काही दिवसांत ही तपासणी नॉर्मलही येऊ शकते. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस सोंग करतो असा अर्थ काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सुईलाही एक गोष्ट एकटीला सांगता येत नाही: हुकूम कमी येतो आहे हे ती सांगेल, पण तो मेंदूच्या आजारानं कमी येतो, दुखतं म्हणून कमी येतो, की माणूस हात राखून आहे, हे ठरवायला माणसाशी बोलावंच लागतं. आणखी एक आजार असा आहे की सगळी वाट शाबूत असते, तरी पाय खाली दाबायला सांगितलं की दाबला जात नाही, आणि लक्ष दुसऱ्या पायाकडे वळवलं की तोच पाय आपोआप जोर लावतो. हूवर या अमेरिकन डॉक्टरनं 1908 मध्ये ही खूण सांगितली. पुष्कळ वर्षं ती रोग्याला खोटं पाडायला वापरली गेली. आता जाणते डॉक्टर तीच खूण रोग्याला दाखवून म्हणतात, हे बघा, वाट ठीक आहे, म्हणजे तुम्ही बरे होऊ शकता. आजार खराच असतो. खूण तीच, तिच्यामागची दानत बदलली.

मीही ती कार्डं पुरावा म्हणूनच वापरत होतो. माझ्यासमोर एक मोजमाप होतं, तीस वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही. हाताच्या बिघाडाचा इतका चांगला आलेख कुठल्या डॉक्टरकडेही नसेल. मी त्यावरून फक्त संशय घेतला.

गुरुजी 1997 मध्ये गेले. मी तेव्हा बदली होऊन दुसऱ्या शाखेत होतो, कळलं ते उशिरा. त्यांच्या मुलाला गेल्या वर्षी मी फोन केला, हे सगळं सांगायचं म्हणून. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, बाबा कधी तुमचं नावही घेत नव्हते." हे सांत्वन होतं की काय होतं, मला ठरवता आलेलं नाही.

माझ्या कोपराचं ऑपरेशन झालं. नस मोकळी केली. कोपराच्या वळणावरचा वेग 31 वरून 44 झाला आहे, खळगा आहे तिथेच आहे. नसेचा तंतू महिन्याला जेमतेम इंच-सव्वा इंच वाढतो आणि कोपरापासून अंगठा लांब आहे. लिहिताना पेनाला सायकलच्या मुठीचं रबर चढवतो.

मागच्या महिन्यात बँकेत गेलो होतो. चेक परत आला होता, कारण 'सही जुळत नाही'. काउंटरवरच्या मुलीनं पडद्यावर माझी जुनी सही उघडली. झोकदार, अधिकाऱ्याची सही. मी हात दाखवला आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "काका, बसा ना. नवीन नमुना सही घेऊन टाकू. घाई नाही." तिनं फॉर्म दिला, तीन चौकटी असलेला. मी कोपर टेबलावर न टेकवता सही केली. दुसरी केली. तिसरी केली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मागे चार-पाच माणसं उभी होती. तिन्ही सह्या झाल्यावर मी जुन्या सवयीनं त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. तीनही वेगळ्या होत्या. मी तिला तसं म्हणालो. तिनं बघितल्या, हसली आणि शिक्का मारला.